बारा निर्दोष अंडी

३ नोव्हेंबर

सन्माननीय विहीणबाई यांसी,

सादर प्रणाम. सोबत नऊ कोंबड्या व एक कोंबडा यांचे सामुदायिक अभिवादन. (पैकी कोंबड्याचे मी गृहीत धरले आहे. त्याने ते प्रत्यक्ष केलेले नाही.)

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आपण आपल्या कन्येकडे, म्हणजे पर्यायाने माझ्या चिरंजीवांकडे, प्रस्थान केलेत आणि त्याच सायंकाळी आमच्या भिंतीलगतच्या आपल्या परसाची किल्ली माझ्या हाती आली. उभा जन्म मुद्रणालयात बसून परक्यांच्या पुस्तकांतील ऱ्हस्वदीर्घ तपासणाऱ्या मुद्रितशोधकाकडे दहा जिवंत प्राण्यांचा कार्यभार यावा, हा नियतीकडून राहून गेलेला मुद्रणदोषच म्हणावा लागेल. तथापि कार्यभार स्वीकारला आहे.

प्रातःकाळी खुराड्याचे दार उघडणे, कण्या विखुरणे, जलपात्र स्वच्छ करणे व सायंकाळी शिरगणती करून दार लावणे, हा आपण घालून दिलेला नित्यक्रम अखंड सुरू आहे. शिरगणतीत मात्र एक तांत्रिक अडचण संभवते. मोजली जाणारी मंडळी मोजणीच्या वेळी स्थिर राहत नाहीत. प्रथम दिवशी अकरा भरल्या, द्वितीय दिवशी सात. सरासरी नऊच येते, त्यामुळे चिंतेचे कारण नाही.

आपण निघताना सूनबाईंनी विचारलेला प्रश्न मी विसरलेलो नाही. "उद्या आई पुन्हा अंथरुणाला खिळली, तर परसाचं कोण बघणार आणि तिचं कोण बघणार?" प्रश्न बिनतोड होता. वर्षअखेरपर्यंत त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास घराला कुलूप, कोंबड्या दुसऱ्याच्या दारी आणि आपला मुक्काम कायमचा सूनबाईंकडे चौथ्या मजल्यावर, असे ठरले आहे. त्या प्रश्नाचे उत्तर मी आहे. हे वाक्य लिहिताना मलाही किंचित दचकायला झाले, परंतु लिहिले आहे.

आपला आज्ञाधारक व्याही

ता. क. विहीणबाई, हे मी लिहितेय, पाकीट चिकटवायच्या आधी. ह्यांना कोंबड्याची भीती वाटते. परसात छत्री उघडून जातात, ढालीसारखी पुढे धरून. काल छत्रीला भोक पडलं. बाकी ठीक.
तुमची विहीण

९ नोव्हेंबर

व्याहीबुवा, नमस्कार.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्या वेळी काही कळलंच नाही. ताजा कलम एकदाच वाचला. विहीणबाईंना सांगा, दरवेळी लिहा.

निघताना फोन करू नका म्हटलं ते एवढ्यासाठी, की इथे फोन वाजला की लेक स्पीकर लावते आणि सगळं घर भोवती जमतं. मग मी "हो हो, छान छान" एवढंच बोलते. पत्र आपलं माझ्या उशीखाली राहतं.

आता कामाचं. छत्री नेऊ नका. त्याला वाटतं तुम्ही भांडायला आलात. हातात कण्यांचा डबा धरा, आणि त्याच्याकडे बघू नका, त्याच्या बायकांकडे बघा. नाही, तेही नको. जमिनीकडे बघत जा.

आणि सरासरी कसली काढताय! कोंबड्या काय परीक्षेला बसल्यात? अंधारून आलं की सगळ्या आपापल्या दांडीवर चढून बसतात, तेव्हा मोजायच्या. बसलेली कोंबडी हलत नाही. काळी तुमच्या डाव्या हाताला, भिंतीकडेला असेल. ती माझी सगळ्यात शहाणी. तिला आधी मोजा, म्हणजे बाकीच्या रांगेत येतात.

गुडघा बरा आहे. घर चांगलं आहे. जावई देवमाणूस, तुमच्यावर गेलेला नाही. लेक तर पाण्याचा पेलासुद्धा मला उठून घेऊ देत नाही. पहाटे जाग येते आणि उठून करायचं असं काही नसतं. मग पडून राहते, आणि कोणाचं तरी दार उघडायचं राहिलंय असं वाटत राहतं.

शिळी भाकरी घालताना कुस्करून घाला. अख्खी टाकली तर मारामाऱ्या होतात.

तुमची विहीण

२० नोव्हेंबर

सन्माननीय विहीणबाई यांसी,

सादर प्रणाम.

कुक्कुटाधिपतींशी माझे संबंध आता सौहार्दाचे नसले तरी शस्त्रसंधीचे झाले आहेत. मी भूमीकडे पाहतो, ते माझ्याकडे पाहतात. शिरगणती दांडीवर केली असता नऊ अधिक एक असा निर्विवाद आकडा प्राप्त झाला. आनंदाच्या भरात मी तो भिंतीवर खडूने लिहून खाली स्वाक्षरी केली.

एक किरकोळ बाब. कृष्णवर्णीय ज्येष्ठ सदस्येच्या वृत्तीत गेल्या काही दिवसांपासून किंचित् पारमार्थिक परिवर्तन दृग्गोचर होत आहे. ती एकांतप्रिय झाली असून टोपलीचा आश्रय सहसा त्यागीत नाही. अन्नग्रहणाविषयी औदासीन्य, पिसांच्या मांडणीत विस्कळीतपणा आणि समीप जाणाऱ्याविषयी तात्त्विक मतभेद, अशी स्थूलमानाने लक्षणे सांगता येतील. अंडे देण्याचे कार्य तिने तूर्त स्थगित ठेवले आहे. ही अवस्था ऐहिकाकडून आत्मिकाकडे जाण्याची असावी. आपण व्यर्थ चिंतित होऊ नये.

आपला व्याही

ता. क. चिंता करा. काळी तीन दिवस टोपलीतून हललेली नाही, अंग फुगवून बसलीय आणि हात पुढे केला की करकचून चोच मारते. ह्यांच्या अंगठ्याला पट्टी आहे, ते "तात्त्विक मतभेद" म्हणजे तेच. काल ह्यांनी तिला होमिओपॅथीच्या गोळ्या दिल्या. तिने त्या टिपल्या आणि बाटलीकडे बघत राहिली.

२५ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

अहो, ती खुडूक झालीय!

आजारी नाही, संन्यास घेतलेला नाही, तिचं काही दुखत नाही. कोंबडी खुडूक होते म्हणजे तिला अंड्यांवर बसायची ओढ लागते. मग ती खात नाही, उठत नाही, अंगावर धावून येते. खाली अंडी नसली तरी दगडावर बसेल. गोळ्या कसल्या देताय! बाईला पोरं हवीत आणि तुम्ही तिला बाटली दाखवताय.

मला आता एक कळून चुकलंय. तुमच्या पत्रात संस्कृत वाढलं की परसात काहीतरी बिघडलेलं असतं. "दृग्गोचर" वाचलं आणि पुढचं सोडून मी थेट ताजा कलम गाठला.

पण एका परीने झालं ते बरंच झालं. ऐका. परवा लेकीने मला एक खोली दाखवली. नवा रंग दिलाय, पलंगाला धरून उठायला दांडा बसवलाय. पोरीचं मन मोठं आहे हो, मी काय बोलणार. पण मी तिला म्हटलं, "काळी खुडूक झालीय, मी नसताना." तिला लहानपणापासून ठाऊक आहे, खुडूक कोंबडी पिल्लांसकट उठवणं म्हणजे एकवीस दिवसांची राखण असते. ती हसली. म्हणाली, "बाबांनी काळी पिल्लांसकट उठवून दाखवली, तर मी मानेन की तुझ्या मागे तिथे कोणीतरी आहे. मग तू खुशाल जा. नाहीतर मग ही खोली, आणि पुन्हा वाद नाही." आणि नाताळच्या सुट्टीत ती स्वतः बघायला येणार आहे तिकडे. तिच्या पर्समध्ये कुलूप आहे, मी पाहिलंय.

तेव्हा काळीखाली बारा अंडी ठेवा. चांगली निवडून ठेवा. दिवसातून एकदा तिला उचलून बाहेर सोडा, खाईल, पाणी पिईल, आपली आपण परत जाऊन बसेल. एवढंच करायचं आहे. बाकीचं ती करते.

मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत. तुम्ही मुलाकडचे असूनही जोडले नव्हते. आता जोडते.

तुमची विहीण

३० नोव्हेंबर

सन्माननीय विहीणबाई यांसी,

सादर प्रणाम. आपण जोडलेले हात कृपया सोडावेत. त्यांनी काठी धरावयाची आहे.

काल सायंकाळी मंगल कार्य संपन्न झाले. काळीच्या आसनाखाली द्वादश अंडी स्थापन करण्यात आली. निवडीच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड केलेली नाही. परसात मिळालेली अंडी पाहिली. कोणी लहान, कोणी मोठे, एकाला मातीचा डाग, दुसऱ्याच्या कवचावर खरखर. इतक्या गंभीर कार्याला ती शोभेनात. म्हणून ती घरी भुर्जीसाठी ठेवून, त्यांहून सर्वार्थाने सरस अशी बारा अंडी मी योजिली. शुभ्र, समान आकाराची, निष्कलंक, जणू एकाच साच्यातून ओतलेली. मुद्रितशोधकाला जन्मात क्वचित असे पान हाती येते की जिथे लेखणी टेकवायला जागा नसते. तशी ही अंडी आहेत.

काळीने प्रत्येक अंडे चोचीने पोटाखाली सरकवून घेतले, दोनदा अंग हलवले आणि डोळे मिटले. ते दृश्य पाहून मी काही काळ तिथेच उकिडवा बसून राहिलो. कोंबडा माझ्या पाठीशी उभा होता. त्याने काही केले नाही. प्रसंगाचे गांभीर्य त्यालाही उमगले असावे.

आमच्या सौभाग्यवती बहिणीकडे पंधरवड्यासाठी गेल्या आहेत. त्यामुळे या पत्रास ताजा कलम नाही. पत्र पुष्कळ सुटसुटीत झाले आहे, असे आपल्याही लक्षात येईल.

आपला व्याही

५ डिसेंबर

व्याहीबुवा,

वाचून बरं वाटलं. माझ्या कोंबड्या एवढी एकसारखी अंडी देतात हे मलाच ठाऊक नव्हतं. तुमच्या हाताला यश दिसतंय.

लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा आणि उकिडवे?" जावई म्हणाला, "आमचे बाबा पेन पडलं तरी वाकत नाहीत, पाय लांब करून ओढतात." आम्ही सगळे खूप हसलो. मग लेक माझं पांघरूण सारखं करायला लागली.

मी आता काठीने दिवाणखान्यापर्यंत जाते.

एक राहिलं. आठवडा झाला असेल तर एक काम करा. अंधारात एकेक अंडं हातात घ्या आणि मागून विजेरी लावा. आत काय दिसतं ते मला कळवा.

तुमची विहीण

१० डिसेंबर

सन्माननीय विहीणबाई यांसी,

सादर प्रणाम.

आज्ञेनुसार सर्व द्वादश अंडी विजेरीच्या प्रकाशात तपासली. माझ्या व्यवसायातील पस्तीस वर्षांचा अनुभव पणाला लावून तपासली. कळविण्यास अत्यंत आनंद होतो की एकाही अंड्यात कोणताही डाग, रेषा, ठिपका, तंतू अथवा छाया आढळली नाही. अंतरंग सर्वथा निर्मळ, शरदातील आकाशासारखे. बारापैकी बारा पूर्णतः निर्दोष! पुनश्च तपासणी करून पाहिली. तरीही एक दोष सापडला नाही.

इतके शुद्ध काम माझ्या हातून आजवर गेलेले नाही. अभिनंदनाची अपेक्षा नाही, तथापि आल्यास स्वीकारीन.

आपला व्याही

१३ डिसेंबर

व्याहीबुवा,

अंडी कुठून आणलीत?

विहीण

१५ डिसेंबर

विहीणबाई,

दुकानातून.

आपले तीन शब्द वाचले आणि पुन्हा पुन्हा वाचले. नेमका अपराध कोणता, ते मात्र मला उमगेना. कोपऱ्यावरच्या दुकानातील सर्वोत्तम, पेटीबंद, स्वच्छ धुतलेली अंडी घेतली होती. ताजी राहावीत म्हणून एक रात्र फ्रीजमध्येही ठेवली होती.

आमच्या सौ. काल परतल्या. मी त्यांना सर्व निवेदन केले. त्यांनी पिशवी खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि जे सांगितले ते मी जसेच्या तसे उतरवतो. "अहो, पोल्ट्रीतल्या त्या कोंबड्यांनी जन्मात कोंबडा पाहिलेला नसतो. त्या अंड्यांत पिल्लू कुठून येणार? आणि विहीणबाईंनी विजेरीने बघायला सांगितलं ते आत शिरा दिसतात का बघायला. लाल दोऱ्यासारख्या. शिरा दिसल्या तर जीव धरलाय. तुम्ही डाग नाहीत म्हणून नाचलात!"

विहीणबाई, मी आयुष्यभर स्वच्छ पान म्हणजे चांगले पान असे मानत आलो. डाग म्हणजे जीव असू शकतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

काळी अजून त्यांवर बसून आहे. दररोज सकाळी मी तिला उचलून बाहेर सोडतो. ती घाईघाईने चार दाणे टिपते, दोन घोट पाणी पिते आणि पळत परत जाते. मला तिच्याकडे बघवत नाही. आज परसातील खरी अंडी ठेवली तरी पिल्ले निघायला जानेवारी उजाडेल, आणि सूनबाई पंचवीस तारखेला येत आहेत.

काय करू ते सांगा. जे सांगाल ते करीन.

व्याही

ता. क. तुमची विहीण लिहितेय. रागवा, पण फार नको. जेवले नाहीत कालपासून.

१८ डिसेंबर

व्याहीबुवा,

पहिल्यांदा जेवा.

मी रागावले नाही. म्हणजे, रागावले होते, पण ते पत्र वाचून हसू आलं, आणि एकदा हसू आलं की राग धरून ठेवता येत नाही. भुर्जीसाठी खरी अंडी ठेवलीत तुम्ही! माझ्या कोंबड्याची बारा लेकरं तुम्ही कांदा घालून खाल्लीत! तो तुमच्या पाठीशी गांभीर्याने उभा नव्हता व्याहीबुवा, तो विचार करत होता.

चूक माझीही आहे. "आपल्या परसातली" असं मी लिहिलंच नव्हतं. लिहायचं सुचलंच नाही. मासा पाण्यातला घ्या असं कोण सांगतं?

आता मी जे लिहितेय ते वाचून फाडून टाका. लेक खोलीबाहेर आहे, मी पाठमोरी बसून लिहितेय.

हॅचरीत एक दिवसाची पिल्लं मिळतात. बारा आणा. काळपट, भुरी, असल्या रंगाची बघून आणा. पांढरट-पिवळी बिलकुल आणू नका, काळीखाली ती ढळढळीत उठून दिसतील. अंधारायला लागलं की टोपलीपाशी जा. दिवा लावू नका, बोलू नका, विशेषतः संस्कृत बोलू नका. एक अंडं हळूच काढायचं, त्या जागी एक पिल्लू सरकवायचं. पुन्हा एक काढायचं, एक सरकवायचं. मन मानलं तर घेते. नाही मानलं तर सकाळी चोचीने मारून टाकते. तेवढं मात्र आपल्या हातात नाही.

मी लेकीला आयुष्यात कधी फसवलं नाही. पण ती कुलूप घेऊन निघणार आहे.

विहीण

२२ डिसेंबर

सन्माननीय विहीणबाई यांसी,

सादर प्रणाम.

प्रतिस्थापना काल सायंकाळी विधिवत् पार पडली. पिल्लांच्या वर्णाच्या संदर्भात विक्रेत्याच्या उपलब्ध संग्रहात आणि आपल्या निर्देशांत काही अंशी विसंगती संभवली. तिचा विस्तार येथे अप्रस्तुत ठरेल.

आता साध्या शब्दांत सांगतो, कारण हे दुसऱ्या प्रकारे सांगता येत नाही. मी टोपलीपाशी गुडघे टेकून बसलो. सदऱ्याच्या आत, छातीशी, पिल्ले धरली होती. ती अंगावर फिरत होती आणि किंचाळत होती, आणि मी त्यांना "शू" म्हणत होतो, जणू त्यांना ते समजणार होते. पहिले अंडे काढले. काळी चोच मारील म्हणून मी हात ताठ धरला होता. तिने मारली. मी पिल्लू सरकवले. ते तिच्या पोटाखाली ओरडले.

काळी एकदम स्तब्ध झाली. मान तिरकी करून ऐकू लागली. मीही ऐकत होतो. मग तिच्या गळ्यातून एक आवाज आला. तो मी याआधी ऐकलेला नव्हता. खालच्या पट्टीतला, तुटक, कुणाला तरी हळूच हाक मारल्यासारखा. पिल्लू गप्प झाले.

उरलेली अकरा सरकवताना तिने मला एकदाही चोच मारली नाही.

सकाळी बाराही जिवंत होती. एक तिच्या पाठीवर बसले होते. अंडी मी परसाच्या टोकाला खड्डा करून पुरली. काही बोललो नाही. बोलण्यासारखे त्यांत काही नव्हते, हेच तर खरे.

व्याही

ता. क. पिवळी आहेत. बाराच्या बारा. पिवळी धमक. लांबून बघितलं तर काळीने लिंबं घातलीत असं वाटतं.

२६ डिसेंबर

सन्माननीय विहीणबाई यांसी,

सूनबाई काल आल्या, आज सकाळी परतल्या. आपणाला सर्व कळायला हवे, आणि ते माझ्याच तोंडून.

त्या घरात न येता थेट परसात आल्या. हातात पर्स तशीच. काळी बांबूच्या डालग्याखाली होती, तिच्या पंखांखालून एक पिवळे डोके बाहेर, एक आत. सूनबाई खाली बसल्या आणि त्यांनी डालगे उचलले.

मग म्हणाल्या, "ही काळीची?"

मी म्हणालो, "निसर्गाची लीला अगाध असते, सूनबाई. आनुवंशिकतेच्या गहन तत्त्वांनुसार कधीकधी पूर्वजांचा सुप्त वर्ण..."

"बाबा."

एवढेच म्हणाल्या. विहीणबाई, मी आजवर अनेक ग्रंथकारांशी वाद घातले आहेत, परंतु या एका शब्दापुढे मी संस्कृत आवरते घेतले. मी म्हणालो, "दुकानातली अंडी होती गं ती. मला कळलं नाही."

आणि मग सगळे सांगितले. फ्रीज, भुर्जी, विजेरी, निर्मळ आकाश, सदऱ्यातली पिल्ले. हे सारे कोणी सुचवले ते मी सांगणार नव्हतो. परंतु त्यांनीच विचारले, "अंधारात सरकवायचं तुम्हाला कोणी सांगितलं? हे तुम्हाला सुचणं शक्य नाही." त्यावर मी खोकलो. खोकल्याचा अर्थ त्यांना लागला.

त्या उपड्या बादलीवर बसल्या आणि हसू लागल्या. इतक्या हसल्या की आमच्या सौ. हातातले पातेले घेऊन बाहेर आल्या. मग हसता हसता त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "लहानपणी मी एकदा फुटलेलं अंडं राखेत लपवलं होतं. खोटं बोलले म्हणून आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती. पाठमोरी बसून लिहिताना पाहिलं होतं मी तिला. ती बाई असं पत्र लिहिते, म्हणजे तिला किती..." काळीची दोन पिल्ले त्यांच्या चपलेवर चढली होती. त्यांनी पाय हलवला नाही.

सौ. म्हणाल्या, "एक सांगू का गं? मागच्या महिन्यात ह्यांना ताप होता. अंगात स्वेटर, डोक्याला मफलर, तरी पहाटे दार उघडायला गेले. मी म्हटलं मी जाते, तर म्हणाले, तुला त्यांचा क्रम माहीत नाही, काळीला आधी मोजावं लागतं." ही माहिती मी आपणास कळविली नव्हती. कळविण्याजोगी नव्हती. आताही सौ. मागे उभ्या आहेत म्हणून लिहीत आहे.

मी म्हणालो, "सूनबाई, तुम्ही म्हणाला होतात, खुडूक कोंबडी पिल्लांसकट उठवून दाखवा. कोंबडी उठली आहे, पिल्ले आहेत, परंतु ती तिची नव्हेत. निवाडा तुमचा. मी युक्तिवाद करणार नाही."

त्यांनी पर्स उघडली. मी मान खाली घातली. त्यांनी रुमाल काढला, डोळे पुसले, पर्स मिटली.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आईच्या मागे इथे कोणीतरी आहे का, एवढंच मला बघायचं होतं. त्याला अक्कल आहे का, हे मी विचारलंच नव्हतं."

हे वाक्य मी शब्दशः उतरवले आहे. त्यात दुरुस्ती सुचवावी असा मोह झाला होता, परंतु वाक्य निर्दोष आहे.

आपला व्याही

ता. क. रात्री दोघं बादलीवर आणि पाटावर बसून पिल्लांची नावं ठेवत होते. मी जेवायला तीनदा हाका मारल्या.

३० डिसेंबर

व्याहीबुवा, आणि विहीणबाई,

लेक आली. आल्या आल्या माझ्या पलंगाच्या कडेला बसली आणि बसून राहिली. मला वाटलं, आता बोलणार, खोटारडी म्हणणार. म्हणाली, "आई, तुला इथे काय कमी पडलं गं?"

मी म्हटलं, "काही नाही. तेच तर."

तिला ते पटलं की नाही, देव जाणे. पण उठली, माळ्यावरची बॅग काढली आणि माझी लुगडी घड्या घालून भरायला लागली. मी भरते म्हटलं तर ऐकेना. मग मी तिला भरू दिलं. तेवढं तिला करू द्यायला हवं होतं, हे मला उशिरा कळलं. ती नव्या रंगाची खोली तशीच ठेवायची आहे म्हणाली. मी म्हटलं ठेव, उन्हाळ्यात येईन, काळीची लिंबं मोठी झाली की.

रविवारी पोचतो आम्ही. लेक सोडायला येतेय, चार दिवस राहीलही. रविवारी सकाळी दार तुम्हीच उघडा, कारण मी दुपारी येईन. सोमवारी मी उघडेन. मंगळवारी पुन्हा तुम्ही या, मी चहा ठेवीन, आणि मग कोणत्या दिवशी कोणी उठायचं ते बसून ठरवू. गुडघा काही अजून सगळा माझ्या मर्जीने चालत नाही.

जावई म्हणाला, लिफ्टने खाली न्यायला खुर्ची आणतो. मी नको म्हटलं. चार मजले जिन्याने उतरणार आहे, कठडा धरून, एकेक पायरी. लेक म्हणाली, "आई, अगं गुडघा!" मी म्हटलं, "तू बॅग घेऊन पुढे हो आणि खाली जाऊन थांब. वेळ लागेल, पण येते मी."

तुमची विहीण